हरणटोळ (अहेटुल्ला)

कोलुब्रिडी कुलातील वृक्षवासी सापांची आशियाई प्रजाती. भारत व श्रीलंकेपासून दक्षिण चीन, इंडोनेशिया आणि फिलिपीन्सपर्यंत आढळते. अंग वेलीसारखे सडपातळ, रंग बहुधा हिरवा किंवा तपकिरी, तोंड निमुळते. बाहुली आडवी असते. डोळ्यापासून तोंडाच्या टोकाकडे पन्हाळीसारखी खाच जाते, त्यामुळे समोरचे भक्ष्य दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसते. डिवचल्यावर साप मान फुगवतो आणि खवल्यांमधली काळी-पांढरी कातडी उघडी पडते. विषदंत जबड्यात मागे असतात. विष सौम्य असून सरडे-बेडकांना पुरेसे, माणसाला सहसा धोक्याचे नाही. मादी पिलांना जन्म देते.

प्रजातीचे नाव सिंहली आहे. अर्थ ‘डोळे फोडणारा’. तमिळमधील ‘कण्कोत्ती पांबू’ या नावातही हाच समज आहे. तो निराधार असून त्यापायी हा निरुपद्रवी साप आजही मारला जातो. लिनीयसने 1758 मध्ये हे सिंहली नाव जातिनाम म्हणून वापरले, पण ते आज लेप्टोफिस या अमेरिकी प्रजातीतील सापाकडे आहे. लिंकने 1807 मध्ये अहेटुल्ला ही प्रजाती स्थापली. पुढे दीर्घकाळ गोंधळ राहिला: काही ग्रंथांत अहेटुल्ला म्हणजे रुका सर्प आणि हरणटोळ ‘ड्रायोफिस’ या नावाखाली. जुनी नोंद वाचताना प्रजातीच्या नावावर विसंबू नये, वर्णन पाहावे.

जातींच्या बाबतीत खरा उलगडा अलीकडे झाला. भारतीय द्वीपकल्पातला हिरवा हरणटोळ सरसकट ‘नासुटा’ आणि तपकिरी ‘पल्व्हरुलेंटा’ म्हटला जाई. अशोक मल्लिक व सहकाऱ्यांनी जनुकीय अनुक्रम, खवल्यांची मोजणी आणि शरीराची मापे एकत्र तपासली आणि 2020 मध्ये पाच नव्या जातींचे वर्णन केले. जातीचे विभाजन झाले की मूळ नाव मूळ स्थळाच्या सापाकडे राहते. त्यामुळे नासुटा आणि पल्व्हरुलेंटा ही दोन्ही नावे श्रीलंकेपुरती उरली. द्वीपकल्पातील सखल, कोरड्या भागातल्या मोठ्या, लांब नाकाच्या हिरव्या सापासाठी नवे नाव घडवण्याची गरजच नव्हती. बेलने 1825 मध्ये दिलेले ‘ऑक्सिऱ्हिंका’ हे नाव समानार्थी म्हणून बाजूला पडले होते, ते पुन्हा ग्राह्य ठरले. पश्चिम घाटाच्या पावसाळी जंगलांतले हिरवे हरणटोळ अंगाने लहान, नाकाने आखूड. तेही एका जातीचे नव्हते: बोरिॲलिस, फार्न्सवर्थी, मलबारिका आणि वॉलने 1910 मध्ये वर्णिलेली इसाबेलिना, अशा चार जाती निघाल्या. पैकी बोरिॲलिस ही उत्तरेकडची, म्हणजे महाराष्ट्र-गोव्याच्या घाटांतली. तपकिरी गटातून सह्याद्रेन्सिस ही जाती वेगळी झाली.

महाराष्ट्रातील सापांच्या जुन्या याद्यांतले ‘नासुटा’ म्हणूनच आता स्थळ पाहून वाचावे लागते. घाटमाथ्यावरील सदाहरित रानातली नोंद आणि सपाटीवरच्या माळरानाकाठची नोंद एकाच जातीची असेलच असे नाही, आणि स्थळ न लिहिलेल्या नोंदीचे मोल यामुळे फार घटते.

या गटाचा जवळचा नातेवाईक 2019 मध्ये दक्षिण पश्चिम घाटातून उजेडात आला. त्याच्यासाठी प्रोअहेटुल्ला ही स्वतंत्र प्रजाती करावी लागली; तिची शाखा सुमारे 2.6 कोटी वर्षांपूर्वी फुटली असावी. त्याच वर्षी ओडिशातील ‘लौडंकिया’चे वर्णन झाले. या जातीला तिथल्या लोकांच्या बोलीतलेच नाव मिळाले.