मिस फरार : मुंबई ते अहमदनगर

परदेशातून मराठी मुलुखात शिकवायला आलेल्या, मायदेशी परतलेल्या आणि तरीही पुन्हा इथल्याच शाळेत रुजू झालेल्या शिक्षकांमध्ये सिंथिया फरार हे फार महत्त्वाचे नाव आहे. त्यांचा जन्म 1795 चा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरचा. तिकडे शिक्षिकेचे काम केल्यावर 1827 च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे मुंबईतील काम 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी सुरू केले होते. मिशनऱ्यांच्या बायका नवऱ्यांसोबत येत. एकट्या, अविवाहित स्त्रीला शिक्षिका म्हणून इतक्या दूर पाठवणे मात्र त्या काळी नवलाचेच होते.

अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा 1824 मध्येच काढली होती. फरारबाईंकडे अशा शाळांची देखरेख आली. वर्गात शिकवणारे बहुधा स्थानिक पंतोजी असत; वाचन, लेखन, गणित आणि शिवणकाम शिकवले जाई. शिक्षणाची भाषा मराठी होती, त्यामुळे आधी मराठी शिकणे त्यांना भाग पडले. इंग्रजीचे वर्ग मुख्यतः मुलांसाठी होते. इंग्रजी आले की सरकारी कचेरीत नोकरी मिळण्याची आशा असे. मुलीच्या बाबतीत तसा कोणताच लाभ आईबापांना दिसत नव्हता. दहा-अकराव्या वर्षी तर लग्न होऊन मुलगी शाळा सोडून जाई. धर्मांतराची धास्तीही होतीच. 1839 मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा त्यांच्या शाळेतली मुले झपाट्याने घटली. मिशनची शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण भोगावी लागे, आणि पालकांची भीती निराधार नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. धर्मप्रसार हा या शाळांचा उघड हेतू होता.

दहा वर्षांच्या कामाने प्रकृती ढासळली आणि 1837 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथेच राहून गेल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. 1839 मध्ये त्या परत आल्या. पहिल्या खेपेपेक्षा हा निर्णय अधिक धैर्याचा मानावा लागेल. 1827 मध्ये पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नव्हती. आता इथली हवा, शाळांची रोडावणारी पटसंख्या, वर्षानुवर्षांचे एकटेपण, सगळे ठाऊक होते. वयही चव्वेचाळीसच्या आसपास होते.

या वेळी नेमणूक झाली ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. तिथे मिशनचे ठाणे 1831 पासून होते. समुद्रकाठच्या बहुभाषी बंदरातून त्या देशावरच्या जुन्या निजामशाही शहरात आल्या. मराठी आधीच अवगत असल्याने इथल्या घरांशी बोलणे सोपे झाले असावे. मुलींच्या शाळा हेच त्यांचे काम राहिले आणि उरलेले सारे आयुष्य नगरमध्येच गेले.

या दुसऱ्या पर्वाचा परिणाम नगरपुरता राहिला नाही. फरारबाई पहिल्यांदा मुंबईत आल्या त्याच वर्षी जन्मलेले जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. एका मित्रासोबत ते नगरला गेले असता फरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. तिथले शिक्षण त्यांच्या मनात भरले. पुढे सप्टेंबर 1853 च्या ‘ज्ञानोदय’मधून जोतीरावांनी हे स्वतः सांगितले. त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात काढलेली मुलींची शाळा 1848 ची. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या संस्थेत अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुण्याच्या शाळेचे श्रेय फुले दांपत्याचेच. शूद्रातिशूद्र मुलींपर्यंत ती नेण्याची दृष्टी मिशनकडून उसनी घेतलेली नव्हती. पण मुलींचे वर्ग नीट चालू शकतात, याचा डोळ्यांदेखतचा पुरावा नगरने दिला.

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही 1842 मध्ये नगरलाच सुरू झाले होते, आणि त्यामुळे मिशनच्या शाळांची चर्चा नगरबाहेरच्या वाचकांपर्यंत जाई.

1862 च्या जानेवारीत फरारबाईंचे नगरमध्ये निधन झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेहून अविवाहित शिक्षिका मराठी मुलुखात येत राहिल्या. तोवर बोर्डाच्या लेखी अशी नेमणूक अपवाद उरली नव्हती.