घर तपासायला माणसं येतात तेव्हा : प्लेगपासून डेंग्यूपर्यंत

मागच्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. चार दिवसांचा ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे दुखतंय. तपासणीत डेंग्यू निघाला. सहज विचारलं, "महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला आली होती का?" आजी जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "आली होती हो, पण मीच दारातून सांगितलं, घरात कोणी नाही म्हणून. पसारा होता ना सगळा!"

आजींना मी हसलो नाही. तपासनीस दारात आला की आपण दार लोटून घेतो, याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. तो आज तुम्हाला सांगतो, कारण त्यात तुमच्या-माझ्या आरोग्याचा एक धडा दडलेला आहे.

१८९७ सालचं पुणं

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. भराभर लोक मुंबई सोडून निघाले आणि रोग पुण्यात पोहोचला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग समिती नेमली गेली आणि १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या.

आपण पाहुणे येणार म्हणून घर आवरतो. त्या काळच्या पुणेकरांनी घर कसं 'तयार' केलं असेल? आजारी माणूस लपवून! कोणी माळ्यावर, कोणी कपाटाआड, कोणी परसातल्या खोलीत. काखेत किंवा जांघेत गाठ आली तरी कोणी तोंडातून शब्द काढायचं नाही. मृत्यू झाला तरी तो गुपचूप उरकायचा.

असं का? कारण रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या इस्पितळात नेत आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत. सामानसुमान जाळलं जाई, जमिनी उकरल्या जात, कार्बोलिक अ‍ॅसिड शिंपडलं जाई, भिंतींना चुना फासला जाई. शिपाई बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. बायकांच्या तपासणीवरून संताप उसळला. तपासणी म्हणजे मदत, असं वाटावं असं त्यात लोकांना काहीच दिसलं नाही. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला आणि रँड ३ जुलैला मरण पावला. पुढचा इतिहास तुम्ही शाळेत वाचला आहे.

तपासणी चालली होती, पण कशाची?

डॉक्टर म्हणून मला यातली दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येरसिन यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे १८९७ मध्ये ठाऊक नव्हतं. घाण, कोंदट हवा, ओल, कपडेलत्ते या सगळ्यांवर संशय होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं, की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते. उंदीर मेला, त्याचं अंग थंड पडलं, की पिसवा त्याला सोडून दुसरं गरम अंग शोधतात. हे म्हणणं सर्वमान्य व्हायलाही पुढची काही वर्षं गेली.

म्हणजे शिपाई माणसं शोधत होते आणि खरा गुन्हेगार पिसूच्या रूपात उंदरावर बसून घरभर फिरत होता. आपल्या खेड्यापाड्यांतले लोक मात्र अनुभवाने एक गोष्ट शिकले होते : घरात उंदीर पडायला लागले, की घर सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. कारण ठाऊक नव्हतं, पण उपाय बरोबर होता.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यात आणखी एक दृश्य होतं. सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना शोधून आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. झडत्या सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. रुग्ण त्याही शोधत होत्या. पण त्यांच्यापासून कोणी आपला माणूस लपवला असेल, असं मला वाटत नाही.

आज तुमच्या दारात कोण येतं?

आज येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात बंदूक नसते, बॅटरी असते. तो तुमच्या रुग्णाला ओढून नेणार नाही. आणि १८९७ पेक्षा मोठा फरक म्हणजे, काय शोधायचं हे त्याला नेमकं माहीत असतं : साठलेलं स्वच्छ पाणी.

म्हणून पसाऱ्याची लाज बाळगू नका. चादरींच्या घड्यांशी एडिस डासाला काही देणंघेणं नाही. घर तयार करायचं असेल, तर हे बघा :

– फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फुलदाणी, गच्चीवरचे टायर आणि करवंट्या रिकाम्या करा.
– पिंप आणि टाकीला घट्ट झाकण हवं. झाकण नसेल तर कापड बांधा.
– आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतून घासा आणि कोरडी करा. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हा आठवड्याचा हिशेब.
– घरात कोणाला ताप असेल तर सांगा. हा डास दिवसा चावतो, म्हणून तापाच्या रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा.

ओळखपत्र जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे. पण मग दार उघडा आणि त्यांना गच्चीपर्यंत जाऊ द्या. कर्मचारी मित्रांनाही एक विनंती : चपला दाराबाहेर काढा आणि आधी दोन शब्द बोला. १८९७ मध्ये नेमकं तेच राहून गेलं होतं.

आजींचा नातू आठवड्याभरात बरा झाला. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःहून सांगितलं, "डॉक्टर, अळ्या गॅलरीतल्या पिंपातच होत्या. या वेळी मीच दाखवल्या त्यांना."

काळजी घ्या. आणि तापात पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा ग्लानी असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.