एक वनस्पती, तीन कायदे: बीडच्या सीमेवरून गांजाचा इतिहास

१/ आष्टीहून जामखेडकडे जाणाऱ्याला आज सीमा जाणवत नाही. बीड जिल्हा संपतो आणि नगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो, एवढेच. १३० वर्षांपूर्वी मात्र येथे दोन राजवटी एकमेकींना भिडत होत्या: अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. माती एकच होती, कायदे दोन होते. गांजाचा इतिहास या भेदातून नीट समजतो. 🧵

२/ नगर जिल्हा हे त्या काळी मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र होते. शेतकरी नर झाडे हेरून उपटून टाकत, जेणेकरून मादी झाडांच्या फुलोऱ्यात बी धरू नये. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याखाली या मालावर सरकारचे नियंत्रण होते आणि त्यातून महसूलही मिळे. गांजा गुन्हा नव्हता. तो कराचा विषय होता.

३/ २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश संसदेत मद्यपानविरोधी चळवळीतील खासदार विल्यम केन यांनी या व्यवहारावर प्रश्न उपस्थित केला. गांजाने माणसे वेडी होतात, असा समज इंग्लंडमध्ये पसरला होता. त्यातून डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्यांत डॉक्टर होते, वैद्य होते, अधिकारी होते आणि व्यापारीही होते.

४/ आयोगाचे सर्वांत मोलाचे काम वेड्यांच्या इस्पितळांतील दप्तर तपासण्याचे होते. १८९२ मध्ये दाखल झालेल्या २२२ रुग्णांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून भांग, गांजा किंवा चरस लिहिले होते. फेरतपासणीत जेमतेम ९८ प्रकरणांत तसा संबंध मानता आला. पुष्कळदा हे ‘कारण’ वैद्यकीय तपासणीतून आलेच नव्हते. रुग्णासोबत आलेल्या पोलिसांच्या कागदावरून ते जसेच्या तसे उतरवले गेले होते.

५/ १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता. अतिसेवन घातक आहे. परंतु मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही. सरसकट बंदी अनावश्यक आहे. योग्य कर आणि नियंत्रण हाच मार्ग. नियंत्रणाचा प्रश्न निघाला की संस्थानांचाही प्रश्न निघे. सीमेच्या दोन बाजूंना कर वेगळा असला, तर स्वस्त बाजूचा माल महाग बाजूला वाहणारच.

६/ निजामाच्या राज्यात फसली सन १३१६, म्हणजे इ. स. १९०६-०७ मध्ये, हैदराबाद आबकारी कायदा आला. बीडच्या वाट्याला आलेला हा पहिला कायदा. त्याचीही दृष्टी महसुलाचीच होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. आबकारीची चौकट मात्र राहिली.

७/ पलीकडे मुंबई प्रांतात वारे फिरले होते. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. नाव दारूबंदीचे असले, तरी त्याच्या कक्षेत भांग-गांजाही होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा बीडलाही लागू झाला. कालचा परवान्याचा माल आज पोलिसांच्या पंचनाम्यात आला.

८/ येथे राज्यघटनेतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. भांग-गांजावरील उत्पादन शुल्क राज्यसूचीत आहे. परंतु ‘औषधे आणि विषे’ समवर्ती सूचीत आहेत. म्हणून केंद्रालाही या विषयावर कायदा करता येतो. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार गांजाचा वैद्यकेतर वापर २५ वर्षांत थांबवायचा होता. करारातील गांजाच्या व्याख्येत बिया आणि पाने मात्र नव्हती.

९/ त्यातून आला तिसरा कायदा, एनडीपीएस. त्याचा अंमल १४ नोव्हेंबर १९८५ पासून सुरू झाला. त्यातील व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात येत नाहीत. म्हणून पानांची भांग या कायद्याबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे गेले.

१०/ ही व्याख्या किती निर्णायक आहे, हे वजनकाट्यावर कळते. १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ आणि २० किलोंहून अधिक ‘व्यापारी’ प्रमाण. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षे सक्तमजुरी आहे आणि जामीन अत्यंत कठीण. तूर-कपाशीच्या आड सापडलेली झाडे मुळे, खोड, पाने यांसह तोलली, तर वजन कुठल्या कुठे जाते. म्हणूनच ‘नेमके तोलले काय?’ हा वाद वारंवार उच्च न्यायालयांपर्यंत पोहोचला आहे. लागवडीच्या गुन्ह्याला तर अल्प प्रमाणाची सवलतच नाही. शिक्षा १० वर्षांपर्यंत होऊ शकते.

११/ औषधाचे काय? आयुर्वेदात ही वनस्पती ‘विजया’ या नावाने ओळखली जाते. औषधविषयक नियमांत ती विषारी द्रव्यांच्या यादीत असून तिची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. एनडीपीएसच्या आठव्या कलमाने वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराचा अपवाद ठेवला आहे. दहावे कलम तर लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार थेट राज्य सरकारांना देते.

१२/ हा अधिकार केवळ कागदावरचा नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी नशेच्या, औद्योगिक वाणाच्या लागवडीस परवाना दिला. गोव्यात २०२० मध्ये औषधी लागवडीचा प्रस्ताव शासनापर्यंत गेला. विरोधानंतर तो थांबला. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने, इतर पिकांना हमखास भाव नाही म्हणून, जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

१३/ तीन कायद्यांनी बीडमध्ये या झाडाला आधी महसूल, मग व्यसन आणि शेवटी गुन्हा मानले. औषध म्हणून त्याचा मार्ग कोणीच पूर्ण बंद केला नाही. मात्र तो किती उघडायचा, हा निर्णय राज्यावर सोपवलेला आहे. तो निर्णय होत नाही तोवर शेतकऱ्याची आणि या झाडाची शासनदरबारी गाठ पडते ती पोलीस ठाण्यातच. १८९४ च्या आयोगाने पोलिसांचा शेरा आणि वैद्यकीय पुरावा यांत फरक करायला शिकवले होते. विधिमंडळात हा विषय जेव्हा येईल, तेव्हा चर्चा तेथूनच सुरू व्हायला हवी.