पिशवी की डबा? दोन व्हॅक्यूम क्लीनरची कुळकथा



पर्युषणाच्या आधी घराची मोठी साफसफाई निघते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतेच: व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला? दुकानात गेलात तर चाकांवर फिरणारी, लांब नळीची दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात. दोघांची मोटर साधारण सारखी, नळी सारखी, तोंडाला लावायचे ब्रशही सारखेच. फरक पोटात आहे. एकाच्या पोटात पिशवी असते, दुसऱ्याच्या पोटात पारदर्शक डबा. आमच्या घरी यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा या दोन पोटांचा इतिहास मी वाचून काढला. तो कळला तर निवड सोपी होते, म्हणून आज लिहिते आहे.

नळी कुठून आली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत धूळ काढायची जी यंत्रे होती, त्यांतली बरीच धूळ फुंकून उडवत. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने असे एक यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर त्याने रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून जोरात श्वास ओढला आणि रुमाल उलटून पाहिला. खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. १९०१ साली त्याने यंत्र तयार केले. ते एवढे मोठे होते, की घोडागाडीवरून आणावे लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडकीतून घरात येत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्राने साफ झाले. श्रीमंत घरच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावून ही सफाई दाखवत. धूळ जाताना दिसावी म्हणून नळीचा काही भाग पारदर्शक ठेवलेला असे. यंत्र लांब आणि हातात फक्त नळी, ही कल्पना तेव्हापासूनची.

पिशवी कुठून आली?

पिशवीची गोष्ट मला जास्त जवळची वाटली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोटीचे काम करी. त्याला दमा होता. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा जीव कासावीस होई. १९०७ च्या सुमारास त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरते यंत्र बनवले. धूळ अभ्र्यात साठे आणि हवा कापडातून बाहेर पडे. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याचे यंत्र सुझन हूवर या बाईंनी वापरून पाहिले आणि त्यांना ते पसंत पडले. त्यांचे पती विल्यम हूवर घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे सामान बनवत. मोटारी आल्याने तो धंदा उतरणीला लागणार हे दिसतच होते. त्यांनी पेटंटचे हक्क घेतले आणि पुढे हूवर हे नाव इंग्लंडमध्ये व्हॅक्यूम क्लीनरलाच चिकटले.

हे यंत्र मात्र उभे होते, दांड्याला धरून ढकलायचे. आज आपण जे आडवे यंत्र पाहतो, त्याला घरगुती रूप दिले स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने. १९२१ साली त्यांनी ‘मॉडेल व्ही’ आणले. नळकांड्यासारखे आडवे, खाली घसरगाडीसारख्या दोन धातूच्या पट्ट्या, पुढे नळी. पलंगाखाली, कपाटामागे, पडद्यांवर सगळीकडे हात पोचू लागला. कंपनीचे संस्थापक ॲक्सेल वेनर-ग्रेन यांनी विक्रीची पद्धतही घरात नेली. विक्रेता दारात येई आणि तुमच्याच गालिच्यावर यंत्र चालवून दाखवी.

आपल्याकडे हीच पद्धत १९८२ मध्ये आली. युरेका फोर्ब्स ही कंपनी इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत सुरू झाली आणि टाय लावलेली तरुण मुले दारोदार युरोक्लीन दाखवू लागली. माझ्या वयाच्या बायकांना ते आठवत असेल. गादीवर नळी फिरवायची आणि निघालेली धूळ समोर ठेवायची. स्वच्छ म्हणून मिरवलेल्या गादीतून एवढी माती निघाली की गृहिणी गप्पच होई!

डबा कुठून आला?

पिशवीत एक दोष जन्मजात होता. हवा कापडाच्या किंवा कागदाच्या छिद्रांतून जाते, बारीक धूळ ती छिद्रे बुजवते आणि पिशवी भरायच्या आतच ओढ कमी होते. १९७८ मध्ये जेम्स डायसन या इंग्रज डिझायनरला घरी काम करताना हेच जाणवले. लाकडाच्या वखारीत भुसा वेगळा करायला उंच शंकू असतो, त्यात हवा गरगर फिरते आणि जड भुसा कडेला आपटून खाली पडतो. तेच लहान करून यंत्रात बसवायचे त्याने ठरवले. पाच वर्षांत ५,१२७ नमुने झाले. या काळात पत्नी डिअर्ड्रे चित्रकला शिकवून घर चालवत होत्या, हेही नोंदवायला हवे. मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. आधी जपानमध्ये त्याचे यंत्र निघाले, मग १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये स्वतःच्या कारखान्यातून उभे यंत्र आणि १९९५ मध्ये नळीचे आडवे ‘डीसी ०२’. आज दुकानात दिसणाऱ्या बिनपिशवीच्या यंत्रांमागे हीच कल्पना आहे.

दोघांची तुलना

डब्याचे फायदे उघड आहेत. पिशव्या विकत आणाव्या लागत नाहीत, ओढ टिकते, किती भरले ते दिसते. पण डबा रिकामा करताना ती सगळी बारीक धूळ पुन्हा तोंडासमोर उडते. शिवाय शंकूतून निसटलेली धूळ अडवायला आत गाळणी असते, ती वेळोवेळी धुवून पूर्ण वाळवावी लागते. कागदी पिशवी तोंड बंद करून तशीच टाकता येते. ती विकतची, आणि लहान गावात मिळेलच असे नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी पिशव्या जवळपास मिळतात का, ते विचारा. कापडी पिशवी पुन्हा वापरता येते, पण झटकताना तिची धूळ डब्यापेक्षा जास्त उडते.

आणखी एक, वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट म्हणजे यंत्र वीज किती घेते ते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १,६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे स्वच्छच आहेत. घरात दमा असेल तर ‘हेपा’ गाळणी पाहा. खरी हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते.

मुंगी कुठे जाते?

इथपर्यंतचा हिशेब कुणीही करेल. आमच्या सासूबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. “यात मुंगी गेली तर तिचं काय होतं?” त्यांना स्वतःला दमा आहे. यंत्र त्यांच्यासाठीच घ्यायचे होते, तरी त्या अडून बसल्या. मला आधी वाटले, उत्तर डब्यात आहे. दिसला जीव की लगेच बाहेर नेऊन सोडायचा. पण अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांचा २००७ चा अभ्यास वाचला. यंत्राने ओढलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या, आणि अळी व कोष अवस्थेतल्या सगळ्या. पिशवीतल्या हवेने त्या मेल्या नव्हत्या. ब्रश, पंखा आणि हवेचा मारा यांनीच त्यांचा जीव घेतला, असे अभ्यासकांचे मत. अभ्यास पिसवांचा आहे, पण मुंगी वाचेल असे धरून चालण्यात अर्थ नाही.

म्हणजे पिशवी असो की डबा, जीवाच्या बाजूने फरक नाही. जो निर्णय आहे तो नळी लावण्याआधीचा आहे. हे कळल्यावर निवड सरळ झाली. यंत्र माणसाच्या छातीकडे पाहून निवडायचे, म्हणून आम्ही बंद होणाऱ्या पिशवीचे आणि हेपाचे घेतले.

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच. स्वयंपाक, झाडलोट यांत होणारी ती आरंभी, तिथे यत्नाचार पाळून ती कमीत कमी करायची. पण समोर मुंग्यांची रांग दिसते आहे आणि हातातली नळी आपण तिच्यावर धरली, तर ती आरंभी राहत नाही. झाडूने हात आपोआप थांबतो, कारण जीव डोळ्यांपुढे असतो. नळीत तो दिसेनासा होतो. या यंत्रात मला धोका वाटतो तो एवढाच.

मुनीमहाराज बसण्याआधी जागा पाहतात, पिंछीने हळुवार मार्जन करतात, मग बसतात. तोच क्रम आम्ही यंत्राला लावला आहे. यंत्र दिवसाउजेडीच काढायचे. आधी कोपरे, गादीच्या शिवणी, पलंगाखालची जागा नीट पाहायची. मऊ झाडूने मुंग्या-किडे सुपलीत घेऊन बाहेर झाडाच्या सावलीत ठेवायचे आणि त्या कशाला आल्या होत्या, तो सांडलेला गोडाचा कण पुसून घ्यायचा. जळमटात कोळी असेल तर त्या कोपऱ्याला नळी लावायचीच नाही. रोजचा केर झाडूनेच काढायचा. यंत्र गाद्या, सोफा, पडदे आणि पुस्तकांच्या कपाटापुरते.

आणि मोठी साफसफाई पर्युषणाच्या तोंडावर न काढता ज्येष्ठात, पहिल्या पावसाआधी उरकायची. भाद्रपदापर्यंत ओलीमुळे घरात बारीक जीव कितीतरी वाढलेले असतात. चातुर्मासात मग हलका हात पुरतो. यंत्र कुठलेही घ्या, पण या वर्षी एवढा बदल करून पाहा.

जय जिनेंद्र.