दुधी काचेची भांडी : नाव, घडण आणि जतन

मराठीत ‘दुधी काच’ या एका नावाखाली दोन भिन्न वस्तू वावरतात. स्नानगृहाच्या तावदानास बसविलेली, पृष्ठभागी खरवडलेली काच ही एक; आणि सर्वांगी शुभ्र, अपारदर्शक अशी काच ही दुसरी. पहिलीवर ओला हात फिरविला की ती घटकाभर पारदर्शक होते, कारण तिचा दुधीपणा केवळ वरवरचा असतो. दुसरीचा दुधीपणा अंगचाच आहे. काचरसात मिसळलेल्या द्रव्यांचे अतिसूक्ष्म कण थंड होताना वेगळे पडतात आणि प्रकाश विखुरतात. त्यामुळे ती पांढरी दिसते. भट्टीत पदार्थ भाजण्यासाठी गेल्या शतकात झालेली शुभ्र भांडी या दुसऱ्या वर्गातील होत. संग्राहकाने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

या काचेचा उगम अनुकरणात आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या कारागिरांनी चिनी मातीच्या भांड्यांस पर्याय म्हणून ती घडविली आणि दुधावरूनच तिला ‘लात्तिमो’ हे नाव दिले. त्या काळी कथिलाची भस्मे वापरीत. पुढे हाडांची राख आणि फ्लोरिनची संयुगे आली. अमेरिकेत कॉर्निंग कारखान्याने 1915 साली ‘पायरेक्स’ ही उष्णता सोसणारी पारदर्शक भांडी विक्रीस आणली. त्याच नावाचे शुभ्र काचेचे, बाहेरून रंगविलेले वाडगे दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर गेले. अँकर हॉकिंगची ‘फायर-किंग’ भांडी याच काळातील होत.

महाराष्ट्रात काचउद्योगाचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव येथे 1908 साली काचकारखाना सुरू झाला. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा कारखाना 1916 सालचा. तेथील ‘प्रभाकर’ कंदील सर्वश्रुत आहे. स्वदेशी काचेपुढील पहिला प्रश्न उजेडाचा होता, भाजण्याचा नव्हे. मराठी स्वयंपाकघरात चूल व शेगडी होती. बंदिस्त भट्टी नव्हती. नानकटाई करावयाची तर रवा-मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जाण्याची रीत होती. भाकरी, वांगे आणि वीट या तिन्हींसाठी ‘भाजणे’ हे एकच क्रियापद पुरले, यात नवल नाही. उष्णतारोधक काचेसाठी बोरोसिल ही कंपनी मुंबईत 1962 साली कॉर्निंगच्या सहकार्याने उभी राहिली. शुभ्र काचेची ताटे-वाटे देशात करणारी ला ओपाला 1987 सालची.

तेव्हा येथील संग्रहात जुनी परदेशी दुधी काच आढळली, तर ती चिनी माती समजून हाताळली जाण्याचा संभव अधिक. ओळख सोपी आहे. चिनी मातीच्या बुडाची कड बहुधा झिलईविना खरखरीत राहते. काचेस झिलई नसतेच, आणि साच्याची बारीक रेघ बोटास लागते. बुडावरील उठावदार ठसा हा त्या भांड्याचा जन्मलेख होय. त्याची नोंद प्रथम करावी.

जतनाचे नियम या घडणीतूनच निघतात. वरचा रंग भाजून बसविलेला असला तरी तारेच्या घासणीने आणि धुलाईयंत्रातील तीव्र क्षारांनी तो निस्तेज होतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. तापलेले भांडे ओल्या ओट्यावर ठेवू नये आणि ज्योतीवर मुळीच चढवू नये. जुन्या रंगांत शिसे व कॅडमियम आढळते. रंग झिजलेल्या भांड्यात अन्न ठेवू नये.

लोधिवलीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावी आणखी एक दक्षता हवी. खालापूर-कर्जत भागात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. एकात एक ठेवलेल्या वाडग्यांमध्ये साचलेला ओलावा काचेतील क्षार ओढून घेतो आणि पुढे न पुसणारे पांढुरके डाग पडतात. वर्तमानपत्राचा कागद हा ओलावा धरून ठेवतो; म्हणून भांडी कोरड्या सुती फडक्याचा पदर घालून, सुटी ठेवावीत आणि पावसाळ्यात अधूनमधून पुसावीत.

पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवून 1975 साली तो संग्रह शासनास दिला. रोजच्या वापरातील वस्तू इतिहासाचे साधन ठरते, ती अशा नोंदीमुळे. दुधी काचेचा वाडगा शाबूत राहिला, पण तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घडविला हे नोंदले गेले नाही, तर अभ्यासकाच्या हाती केवळ एक पांढरे भांडे उरेल.