मालवण : करवीर राज्याचे बंदर

मालवण. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे शहर व जुने बंदर. सध्याचा जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला. पण अठराव्या शतकात या किनाऱ्याचा कारभार चालत असे तो घाटावरच्या कोल्हापुरातून (करवीर). शनिवार-रविवारी गगनबावड्याच्या वाटेने मासे खायला उतरणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

बंदर जेटीवर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. मुहूर्ताची पूजा झाली ती किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेली ही जागा होडीच्या गडबडीत बहुतेक पाहुणे चुकवतात. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. 48 एकरांच्या बेटाभोवती जवळपास तीन किलोमीटरचा तट वळणे घेत जातो, आणि दरवाजा त्या वळणांत असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईतो नजरेस पडत नाही. चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. किल्ल्यात काही कुटुंबांची वस्ती आजही आहे.

किल्ल्यातील शिवराजेश्वराचे मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी बांधले. आतल्या मूर्तीला दाढी नाही, डोक्यावर नावाड्याची वाटावी अशी टोपी आहे. चित्रांतले शिवाजी महाराज मनात घेऊन आलेला माणूस क्षणभर गोंधळतो. सभामंडप मात्र खूप नंतरचा, राजर्षी शाहू महाराजांच्या काळातला. किल्ला हातून जाऊन बराच काळ लोटल्यावरही कोल्हापूरच्या गादीने हे देऊळ आपले मानले होते.

वारणेच्या तहाने (1731) सातारा व कोल्हापूर ही राज्ये वेगळी झाली. त्यानंतर कोल्हापूरचे आरमार मालवणातच असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात या आरमाराचे दर्यावर्दी चाचे ठरले. करवीर दरबाराच्या लेखी ते आपल्या समुद्रावरचा हक्क वसूल करत होते. दस्तक (परवाना) न घेता जाणारे जहाज पकडणे हा त्या काळी किनाऱ्यावरच्या प्रत्येक सत्तेचा रिवाज होता आणि कंपनीही त्याला अपवाद नव्हती, हे लक्षात घेतले तर ‘चाचे’ या शिक्क्याचे वजन बरेच उतरते. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. तेव्हा अल्पवयीन छत्रपतींच्या नावाने कोल्हापूरच्या राणी जिजाबाई राज्य चालवत होत्या. पुढल्याच वर्षी भरपाईच्या बोलीवर किल्ला परत मिळाला, नवे नाव विरले. 1 ऑक्टोबर 1812 च्या तहात मात्र सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांसह सारे बंदर कंपनीकडे गेले. कोल्हापूरचा समुद्र तिथे संपला.

या चार किल्ल्यांपैकी पद्मगड सिंधुदुर्गाजवळच्या छोट्या बेटावर आहे. सर्जेकोट कोळंब खाडीच्या मुखाशी. राजकोटाचे अवशेष शहरालगतच्या खडकावर आहेत. 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनी, तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला. साडेतीनशे वर्षांचा तट समोर उभा असताना नऊ महिनेही न टिकलेल्या या कामावर राज्यभर संताप उसळला. पुढे त्याच जागी नवा पुतळा उभारण्यात आला.

किल्ल्याभोवतीचे पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात मोडते; क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. तळाशी प्रवाळ आहेत. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या मच्छीमारांचे पोट याच पाण्यावर, त्यामुळे संरक्षणाचा प्रश्न इथे कधीच साधा नव्हता. चिवला किनाऱ्यावर पहाटे रापण लागली असेल तर ती पाहावी. बाजारातला गुळाचा खाजा जत्रेवाचूनही मिळतो. कोल्हापूरहून गगनबावड्याचा किंवा राधानगरीवरून फोंड्याचा घाट उतरून येता येते. पावसाळ्यात किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते.