जर्मन पिलवंड

परवा महालक्ष्म्यांना हिंगोलीला गेलो होतो. (आमच्याकडे गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्याच!) कोठ्यांत धान्य भरायचं, वर मुखवटे ठेवायचे, साड्या नेसवायच्या हे काम आईचं आणि काकूचं. माझ्याकडे पेटीतून पिलवंडं, म्हणजे महालक्ष्म्यांची लेकरं, काढून पुसायचं खातं. त्यातल्या एकाकडे पाहून थबकलोच. चकचकीत चिनीमातीचं डोकं, रंगवलेले काळे केस, निळे डोळे... आणि अंगात खणाचं परकर-पोलकं!

रात्री नेटवर बसलो. या बाहुल्यांना 'चायना डॉल' म्हणतात, पण चीनशी नातं फक्त मातीचं. बहुतेक डोकी जर्मनीत, त्यातही थुरिंगियात बनली, साधारण १८४० पासून पुढची शंभरेक वर्षं. पुष्कळदा खांद्यापर्यंतचं नुसतं डोकंच विकत मिळे, खाली टाके घालायला भोकं ठेवलेलं. कापडाचं धड शिवायचं, भुसा भरायचा, डोकं टाचायचं आणि उरलेल्या कापडाचे कपडे करायचे. म्हणजे चेहरा बाजारचा, अंग घरचं. आमच्या महालक्ष्म्यांसारखंच की!

वय ओळखायचं ते केसांवरून. मधोमध भांग, सपाट माथा आणि कडेला कुरळे केस असतील तर १८६० च्या आसपासची. कपाळावर उतरलेले लाटांसारखे केस असतील तर १८९० च्या पुढची. आमचं पिलवंड या दुसऱ्या जातीचं. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे 'जर्मनी' असा शिक्का असलेली डोकी सहसा त्यानंतरची. कपड्यांवर मात्र भरवसा ठेवायचा नाही, ते कधीही बदलता येतात.

हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती फौज १९०३ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात मिसळली. झालं, साहेबाच्या बंगल्यातून बाहुली आली अशी ष्टोरी माझ्या डोक्यात तयार! आई म्हणाली, "काही नाही, बाजारातून आणली होती म्हणे."

चुलतभाऊ म्हणाला, विकू या. पण घेणारे मूळ कपडे मागतात, आणि शिक्का पाहायचा तर पोलकं उसवायला हवं. मी कात्री घेतलीसुद्धा. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, ती शिवण आजीच्या हातची आहे."

कात्री ठेवून दिली. अशी डोकी कारखान्यांतून ढिगांनी निघाली, अजूनही मिळतात. ते पोलकं एकच आहे. शिवाय कापड चिनीमातीआधी मरतं. त्या काळात रेशमाला वजन यावं म्हणून धातूंचे क्षार पाजत, ते रेशीम पेटीत पडल्या पडल्यासुद्धा चिरतं. आपल्या जुन्या साड्याही घडीवरच फाटतात. म्हणून दरवर्षी घडी बदला, सुती कापडात गुंडाळा.

तिसऱ्या दिवशी पिलवंड मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. शिक्का आहे की नाही, ते पोलक्याखालीच राहू दे.

असो. आता पुढच्या वर्षी.